मारामारीचे सिनेमे आवडतात, म्हणून मी उथळ का?

*ताई,*

*मी एकवीस वर्षांची आहे. डोंबिवलीला राहते आणि रोज दादरला गाडी बदलून अंधेरीच्या कॉलेजात जाते. फिल्ममेकिंगच्या पदवीचं दुसरं वर्ष. मला ॲक्शन सिनेमे मनापासून आवडतात. 'डाय हार्ड', 'द रेड', 'मॅड मॅक्स : फ्युरी रोड', जॅकी चॅनचा 'पोलीस स्टोरी' आणि बाबांसोबत कितीही वेळा 'शोले'. या सत्रासाठी मी लिहिलेल्या शॉर्टफिल्ममध्ये एक मुलगी पार्किंगमध्ये आठ गुंडांशी लढते. कुठला ठोसा कधी, कुठली लाथ कुणाला, सगळं चार पानं लिहून काढलं. सर भर वर्गात म्हणाले, "मारामारी बघायची तर आखाड्यात जा, इथे सिनेमा शिकवतात." सगळे हसले.*

*अख्ख्या वर्गात दोन कॅमेरे. एका ग्रुपला चार तास मिळतात. एडिटची लॅब पाचला बंद होते. आम्ही चौघं ग्रुपमध्ये, पण लिहायचं मी, परवानग्या मी आणायच्या, वडापावही मीच आणायचे. साउंडवाला मुलगा तर येतच नाही. बाबांनी फीसाठी कर्ज काढलंय, त्यांना यातलं काही सांगता येत नाही. कॉलेज सोडून एखाद्या फाइट मास्टरकडे असिस्टंट म्हणून जावं असं वाटतं. आणि खरं सांगा, ॲक्शन आवडणं म्हणजे खरंच उथळपणा आहे का?*

*– एक विद्यार्थिनी*

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकी सगळ्या तक्रारींच्या तळाशी मला तोच दिसतो. नाही, उथळपणा नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. माझी कामाची वर्षं संकलनाच्या, म्हणजे एडिटिंगच्या, खोलीत गेली आणि तिथे हाणामारीच्या प्रसंगाइतकं अवघड काम मी दुसरं पाहिलं नाही. दोन माणसं टेबलाशी बसून बोलत असली तर कट जरा इकडेतिकडे झाला तरी संवाद प्रसंगाला ओढून नेतो. हाणामारीत तो आधार नसतो. कोण कुठे उभा आहे, कुणाच्या हातात काय आहे, दार कुठल्या अंगाला आहे, हे प्रेक्षकाला क्षणभर जरी कळेनासं झालं तरी त्याची भीती संपते. मग उरतो नुसता गोंगाट.

सरांचं वाक्य चुकीचं होतं आणि भर वर्गात बोलायला नको होतं. त्यांच्याशी वाद घालायचाच असेल तर त्यांच्याच अभ्यासक्रमातून घाल. १९२५ च्या 'बॅटलशिप पोटेमकिन'मधला ओडेसाच्या पायऱ्यांचा प्रसंग तुम्हाला पहिल्या वर्षीच दाखवला असणार. ओळीने पायऱ्या उतरणारे सैनिक, जिवाच्या आकांताने पळणारी माणसं, सुटून घरंगळत जाणारी बाबागाडी. संकलन शिकवताना जगभर दाखवला जाणारा हा प्रसंग ॲक्शनचा आहे. बस्टर कीटनचा 'द जनरल' १९२६ चा, अख्खा सिनेमा म्हणजे आगगाड्यांचा पाठलाग. आणि जपानी दिग्दर्शक कुरोसावाचा 'सेव्हन सामुराई' १९५४ चा. त्यातली पावसाचिखलातली शेवटची लढाई एकाच वेळी अनेक कॅमेरे लावून टिपली आहे. पण मला त्यातली दुसरीच गोष्ट जास्त मोलाची वाटते. लढाईच्या आधी गावाचा नकाशा काढला जातो, शत्रू कुठून येऊ शकेल ते सांगितलं जातं, आणि म्होरक्या सामुराई कागदावर प्रत्येक दरोडेखोरासाठी एकेक गोल काढून ठेवतो. एक मेला की एका गोलावर काट. तीन तासांहून मोठ्या सिनेमात तुला केव्हाही कळतं की किती उरले आणि कुठून येणार.

आपल्याकडचंही सांगते, कारण ते वर्गात क्वचित सांगतात. भारतातला पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ ला गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये लागला. त्याचा नायक मास्टर विठ्ठल हा मूकपटांतला स्टंटपटांचा हुकमी तारा होता, आणि कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत त्याची सिनेमातली सुरुवात झाली ती संकलनाच्या कामातून. १९३५ मध्ये 'हंटरवाली' आला. त्यातली नायिका नादिया घोड्यावरून, गच्चीवरून, पुढच्या वर्षी 'मिस फ्रंटियर मेल'मध्ये धावत्या गाडीच्या टपावरून लढली, आणि स्टंट स्वतः केले. हे सिनेमे ज्या वाडिया मूव्हीटोनने काढले त्यांचा स्टुडिओ परळला होता. त्याच जागेत पुढे व्ही. शांताराम यांनी राजकमल स्टुडिओ उभा केला. तू दादरला उतरतेस, त्याच्या पुढच्याच स्टेशनजवळची ही जागा. मुंबईचा सिनेमा ज्या खांद्यांवर मोठा झाला त्यांत मारामारी करणाऱ्यांचे खांदे आहेत, हे तुझ्या सरांना सभ्य शब्दांत सांगायला हरकत नाही.

आता तुला न आवडणारी गोष्ट. सरांचं वाक्य चुकीचं असलं तरी तुझ्या पटकथेत खोट आहे, असं मला तुझ्या पत्रावरूनच वाटतं. ठोसे आणि लाथांची चार पानं लिहिलीस. ती मुलगी कोण, हे पत्रात एका ओळीतही नाही. ती पार्किंगमध्ये का आली? तिला तिथून काय न्यायचंय? ती हरली तर काय जाईल? आठ गुंड का, सात का नाहीत? या प्रश्नांची उत्तरं तुझ्याकडे असतील तर ती कागदावर नाहीत. नसतील तर तुझ्याकडे अजून प्रसंग नाही, फक्त हालचाल आहे.

आणि हे तुला तुझ्याच लाडक्या सिनेमांनी केव्हाच शिकवायला हवं होतं. 'डाय हार्ड' घे. १९८८ चा, दिग्दर्शक जॉन मॅकटिअर्नन. सिनेमा सुरू होतो तेव्हा विमानात शेजारचा प्रवासी नायकाला सांगतो, प्रवासाचा शीण घालवायचा असेल तर बूट-मोजे काढून अनवाणी गालिच्यावर चाल आणि पायाच्या बोटांच्या मुठी कर. गप्पांसारखी वाटणारी ओळ. नायक बायकोच्या ऑफिसात पोहोचतो, ते करून बघतो, नेमके तेव्हाच बंदूकधारी इमारतीत शिरतात आणि तो अनवाणीच पळतो. मग एका मेलेल्या माणसाचे बूट घालून बघतो, ते लहान पडतात. आणि बऱ्याच वेळाने खलनायकाच्या लक्षात येतं की याच्या पायात काही नाही, आणि तो आपल्या माणसाला काचा फोडायला सांगतो. रक्ताळलेले पाय ओढत नायक न्हाणीघरात जातो तेव्हा आपण कळवळतो, ते काचेमुळे नाही. तासाभरापूर्वी ऐकलेल्या त्या ओळीमुळे. बायकोच्या मनगटावरच्या घड्याळाचंही तसंच. कंपनीने बक्षीस दिलेलं महागडं घड्याळ पहिल्या भागात मिरवलं जातं, आणि शेवटी खलनायक त्याच मनगटाला धरून खिडकीबाहेर लोंबकळत असतो. घड्याळाचा पट्टा सुटतो तेव्हा तो पडतो. त्या सिनेमात किती गोळ्या झाडल्या हे कुणाच्या लक्षात राहत नाही. पाय आणि घड्याळ राहतात.

'द रेड'मध्येही नायक गुंडांच्या इमारतीवर छापा घालायला जातो त्याआधी, सुरुवातीला, काय आहे ते पुन्हा बघ. नमाज, व्यायाम, घरी गरोदर बायको. दोनतीन मिनिटांत ती सगळी इमारत आपल्यासाठी धोक्याची होते, कारण याला घरी परतायचंय हे आपल्याला माहीत असतं. 'शोले'त ठाकूरच्या कुटुंबाचा संहार होतो तो प्रसंग तू बाबांसोबत इतक्यांदा पाहिला असशील. आता एकदा आवाज बंद करून बघ आणि एकदा डोळे मिटून ऐक. माणसं पडतात तेव्हा चित्र थिजतं. झोक्याची कुरकुर ऐकू येत राहते. आणि लहान मुलाला गोळी लागताना आपण बघतच नाही. तिथून कट थेट आगगाडीवर जातो. हा सिनेमा कापला माधव शिंदे या मराठी माणसाने. 'शोले'ला एकच फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तो संकलनाचा, शिंद्यांना. न दाखवलेली गोळी इतकी लागते, तर तुझ्या चार पानांतल्या कितीतरी लाथा न दाखवताही चालतील.

तुझं ॲक्शनवर प्रेम आहे हे पत्राच्या ओळीओळीत दिसतं. अभ्यास अजून सुरू झालेला दिसत नाही. तो कॉलेजने करून द्यायची वाट बघू नकोस, कारण त्याला दोन कॅमेरेही लागत नाहीत. वही लागते. एक प्रसंग निवड, फार मोठा नको, दोन-तीन मिनिटांचा. आवाज बंद कर. प्रत्येक शॉट लिहून काढ: किती जवळचा, कॅमेरा कुणाच्या बाजूला, माणूस चौकटीत डावीकडे की उजवीकडे, शॉट कुठल्या हालचालीवर सुटला आणि पुढचा कुठल्या हालचालीवर उचलला. 'पोलीस स्टोरी'तला मॉलमधला शेवट असा लिहायला बसलीस तर तुला दिसेल की फटका बसतो त्या कटच्या जागी हालचाल किंचित मागे जाऊन पुन्हा येते. एकच धक्का आपल्याला जणू दोनदा लागतो. आणि फटका मारणारा व खाणारा दोघंही एकाच चौकटीत असतात, बहुतेक वेळा. तेव्हा आपला विश्वास बसतो.

'फ्युरी रोड'चा तर स्वतंत्र अभ्यास कर. जॉर्ज मिलर यांनी आधी साडेतीन हजारांच्या आसपास चित्रांचा स्टोरीबोर्ड करून घेतला, मग चित्रीकरण. छायालेखक जॉन सील यांना सांगणं होतं की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवायची. त्यामुळे शॉट कितीही छोटा असला तरी डोळ्याला शोधाशोध करावी लागत नाही. कटनंतर नजर जिथे असते तिथेच पुढची गोष्ट असते. जवळपास ४८० तासांचं चित्रीकरण संकलक मार्गारेट सिक्सेल यांच्यासमोर आलं. त्यांनी त्याआधी ॲक्शन सिनेमा कापलेला नव्हता. त्यांना त्या कामाचं ऑस्कर मिळालं. पुढच्या वेळी वर्गात कुणी हसलं तर हे नाव लक्षात ठेव.

यातून मी खऱ्या प्रश्नाकडे येते. फाइट मास्टरकडे जाऊ का, असं विचारतेस. जाऊन काय करायचंय? तुला मारामारी स्वतः करायची आहे, बसवायची आहे, कॅमेऱ्याने टिपायची आहे की कापायची आहे? ही चार वेगवेगळी कामं आहेत आणि त्यांच्या वाटा वेगळ्या आहेत. स्वतः करायची असेल तर शरीर लागतं, आणि ते कॉलेज सोडल्याने मिळत नाही, रोजच्या सरावाने मिळतं. 'शोले'त हेमा मालिनींच्या जागी टांग्यावर होत्या रेश्मा पठाण, हिंदी सिनेमातल्या सुरुवातीच्या स्टंट करणाऱ्या बायकांपैकी एक. ते काम धाडसाइतकंच तालमीचं आहे. त्या वाटेवर मुंबईत स्टंट कलाकारांची संघटना आहे, आणि तिच्या कार्डाशिवाय मोठ्या सेटवर उभं राहणं कठीण. तुला त्याची ओढ असेल तर आधी अंग तयार कर. तू रोज दादरला गाडी बदलतेस. शिवाजी पार्कला समर्थ व्यायाम मंदिरात मल्लखांब शिकवतात. सहा महिने जाऊन बघ. शरीराला ते आवडलं तर पुढचं बोलू.

बसवायची असेल तर चॅड स्टाहेल्स्कींचं उदाहरण आहे. १९९९ च्या 'द मेट्रिक्स'मध्ये ते किआनू रीव्ह्ज यांचे स्टंट डबल, म्हणजे धोक्याच्या प्रसंगांत त्यांच्या जागी उभे राहणारे, होते. पंधरा वर्षांनी त्याच रीव्ह्ज यांना घेऊन त्यांनी 'जॉन विक' केला. मधली वर्षं ते दुसऱ्यांचे प्रसंग बसवत होते. पण तुझ्या पत्रात मला शरीरापेक्षा नजर जास्त दिसते. तू ठोसे मोजतेस, क्रम लावतेस, 'कधी' आणि 'कुणाला' हे शब्द वापरतेस. हे टिपणाऱ्याचं किंवा कापणाऱ्याचं मन आहे, असं मला वाटतं. तसं असेल तर कॉलेज आत्ता सोडणं चुकीचं ठरेल, कारण दोन कॅमेरे आणि पाचला बंद होणारी लॅबसुद्धा बाहेर एखाद्या असिस्टंटच्या हाताला पहिली दोन-तीन वर्षं लागत नाही. बाहेर तू चहा, कागद आणि गर्दी सांभाळशील. इथे तुला, कितीही अपुरं असलं तरी, स्वतःचं काहीतरी पडद्यावर लावून चुकायची परवानगी आहे आणि त्याचे पैसे बाबांनी भरलेले आहेत. दुसरं वर्ष पूर्ण कर, तिसरंही कर. सुट्टीत एखाद्या युनिटवर काम मिळालं तर जरूर जा, फाइटचं युनिट असेल तर उत्तमच.

या क्षेत्राची किंमत हळूहळू मान्य होते आहे, हेही तुला माहीत असू दे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत स्टंट दिग्दर्शनासाठी पुरस्कार २०१७ मध्ये जाहीर झालेल्या यादीपासून सुरू झाला. तो पीटर हेन यांना 'पुलिमुरुगन'साठी मिळाला. ऑस्करच्या अकादमीनेही २०२७ मध्ये प्रदर्शित होणाऱ्या सिनेमांपासून स्टंट डिझाइनचा पुरस्कार जाहीर केला आहे. तू पदवी घेऊन बाहेर पडशील तेव्हा हे दार माझ्या पिढीपेक्षा जास्त उघडं असेल.

आता शॉर्टफिल्मचं. आठ गुंड काढून टाक. दोन माणसं ठेव, एक जागा, एक वस्तू. तुझी गोष्ट तूच लिहायची, पण काय म्हणते ते कळावं म्हणून एक सांगते. भाड्याच्या खोलीचं कुलूप मालकाच्या भावाने बदललंय. आत आजीच्या इन्सुलिनचा थर्मास आहे. संध्याकाळ झाली आहे, इंजेक्शनची वेळ जवळ येते आहे, आणि तो माणूस चाळीच्या गॅलरीत दारासमोर खुर्ची टाकून बसलाय. मुलीला तो थर्मास आणायचाय. बस. यात पहिला धक्का कोण देतो, गॅलरी किती अरुंद आहे, शेजारचे दार उघडतात की लावून घेतात, हे सगळं आपोआप महत्त्वाचं होतं. एका ढकलण्यात आठ गुंडांपेक्षा जास्त जीव येईल. तीन मिनिटांचा सिनेमा पुरे.

सरांनी आखाड्यात जा म्हटलं ना? खरंच जा. रागाने नको, शिकायला जा. कुस्तीत बराच वेळ वरवर काहीच घडत नाही. हाताला हात लागतात, मान धरली जाते, सुटते, पाय सरकतात, दोघं एकमेकांचा अंदाज घेतात, बघणारे श्वास रोखून असतात. मग क्षणात धोबीपछाड किंवा कलाजंग पडतो आणि पाठ मातीला लागते. त्या आधीच्या थांबण्याला लांबी असते. तुझ्या चार पानांत मला ती लांबी कुठेच असेल असं वाटत नाही. पैलवान डाव टाकण्याआधी कुठे बघतो ते बघ. बहुतेक वेळा तो त्या जागी बघतच नाही.

कॅमेऱ्याच्या चार तासांची तक्रार रास्त आहे. ग्रुपने मिळून लेखी मागणी करा, विभागप्रमुखांकडे द्या, पण ती मान्य होईल या भरवशावर बसू नका. चार तासांत दहा-बारा सेटअप, म्हणजे कॅमेऱ्याच्या दहा-बारा जागा, झाल्या तरी चांगलं काम झालं असं समज, आणि त्यासाठी तुझी लढत आधीच मोबाइलवर पूर्ण चित्रित झालेली हवी. त्याच गॅलरीत, त्याच अंतरावर, घरातल्या कपड्यांत, पुन्हा पुन्हा. ते मोबाइलचं चित्रीकरण कापून बघ. जिथे कळत नाही तिथे शॉट बदल. फाइटची मोठी युनिटं आज असंच करतात, रिकामे खोके रचून सेट मानतात आणि तालमीचा व्हिडिओ कापून दिग्दर्शकाला दाखवतात. मग खऱ्या दिवशी तुला शोधायचं काही उरत नाही. सगळ्यात आधी गॅलरीचा रुंद शॉट घे, दार आणि जिना दोन्ही दिसतील असा, आणि माणसांमधली काल्पनिक रेषा ओलांडू नकोस, म्हणजे कॅमेरा दोघांच्या एकाच बाजूला ठेव. लॅबचं म्हणशील तर दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती घरच्या बऱ्यापैकी कॉम्प्युटरवर चालते. हलक्या फाइल बनवून कापायचं आणि शेवटची जोडणी लॅबमध्ये करायची.

इथे थोडी कडक होते. लोकल, फलाट, रूळ, गच्चीचा कठडा, चालती बाइक, खरी काच, खरा चाकू – यातलं काहीही नको. कुणी कितीही उत्साहाने म्हटलं तरी नको. नकली पिस्तूल घेऊन रस्त्यावर किंवा सोसायटीत उभं राहायचं नाही. कुणी घाबरून पोलिसांना बोलावलं तर ते बोलावणं योग्यच असेल. मोठमोठ्या सेटवरही माणसं गेली आहेत. १९९३ मध्ये 'द क्रो'च्या सेटवर ब्रँडन ली आणि २०२१ मध्ये 'रस्ट'च्या सेटवर छायालेखक हलिना हचिन्स, दोघंही शूटिंगच्या बंदुकीने गेले. जिना आणि कठड्याजवळचे शॉट जमिनीवर, भिंतीला लागून, कॅमेऱ्याच्या कोनाने फसवून घे. कॉलेजच्या जिमखान्यातून मॅट माग. आणि तुमच्या चौघांत नसलेल्या एकाला फक्त 'थांबा' म्हणायचं काम दे. तो थांबा म्हणाला की दिग्दर्शिकेनेसुद्धा थांबायचं.

सिनेमे बघायचं म्हणशील तर लॅपटॉपवरून थोडी बाहेर पड. वांद्रे तुझ्या वाटेवरच आहे. तिथल्या गेटी-गॅलेक्सी थिएटरात एखादा ॲक्शन सिनेमा पुढच्या रांगेत बसून बघ, आणि अधूनमधून मान वळवून पडद्याऐवजी माणसांकडे बघ. शिटी बहुधा ठोशावर येत नाही. त्याच्या आधी येते, नायक शर्टाच्या बाह्या दुमडतो तेव्हा. आणि प्रभात चित्र मंडळाचं सभासदत्व घे. १९६८ पासून ही फिल्म सोसायटी मुंबईत चालू आहे, आणि तिथे तुला वर्गात न दाखवलेले सिनेमे आणि त्यावर तासभर भांडायला तयार असलेली माणसं भेटतील. ती भांडणं तुला हवी आहेत.

बाबांपासून सगळं लपवू नकोस. फीचं कर्ज त्यांनी स्वखुशीने काढलं असणार, आणि 'शोले' तुला त्यांनीच दाखवला. पुढच्या वेळी तो बघताना आगगाडीवरची मारामारी थांबवून थांबवून बघा आणि तुझी वही त्यांच्यापुढे ठेव. पनवेलच्या बाजूला तो प्रसंग चित्रित झाला, परदेशातून स्टंटची माणसं आणली होती, हे त्यांना सांग. पोरगी काय शिकते हे त्यांना एवढ्यातून निकालाच्या कागदापेक्षा जास्त कळेल. कॉलेजात काय खुपतंय तेही त्याच बैठकीत सांगून टाक.

ग्रुपचं. वडापाव तू आणतेस तोवर ते तुला आणू देतील. एका कागदावर चौघांची कामं, तारखा आणि वेळा लिही, सगळ्यांसमोर वाच आणि प्रत्येकाकडून होकार घे. न येणाऱ्या साउंडवाल्या मुलाला एकटं भेट आणि विचार का येत नाहीस. माझा कयास असा की त्याला तुमच्याकडे करण्यासारखं काही नाही. बूम, म्हणजे लांब दांडीचा माइक, धरून उभं राहायचं आणि शेवटी कुणीतरी इंटरनेटवरून ढिशुम उतरवून लावायचं, हे त्याला माहीत असावं. त्याला सांग की तुझ्या तीन मिनिटांत एकही तयार आवाज नको. ओल्या टॉवेलवर, कोबीच्या गड्ड्यावर, जुन्या चामडी पाकिटावर मारून त्याने स्वतः आवाज बनवायचे. खुर्ची सरकण्याचा, कडीचा, थर्मास लादीवर आपटण्याचा, शेजारच्या घरातल्या कुकरच्या शिट्टीचा. अर्धी लढत त्याच्या हातात आहे हे त्याला खरंच वाटलं तर तो येईल. नाहीच आला तर हे काम तू कर, आणि श्रेयनामावलीत त्याचं नाव घालू नकोस.

पटकथा नव्याने लिहून झाली की सरांकडे जा, वर्गात नको, त्यांच्या केबिनमध्ये. सोबत तीन गोष्टी ने: दीड पानाची पटकथा, शॉटची यादी आणि 'डाय हार्ड' किंवा 'सेव्हन सामुराई'च्या एका प्रसंगाची तुझी वही. त्या दिवशीचं बोलणं लागलं, हेही सांग, एका वाक्यात, आवाज न चढवता. मग विचार की या मुलीबद्दल तुम्हाला अजून काय कळत नाही. त्यांनी उत्तर दिलं तर लिहून घे, पटलं नाही तरी. आणि पुन्हा नुसतं 'मारामारी नको' असंच आलं तर नकाराचं कारण लेखी माग. ते कारण आणि नवी पटकथा मला पाठव, त्यावर या सदरात नाही, तुला थेट पत्र लिहीन.